सतरातले सहा

...आणि वर मला म्हणतात, "आजी, टाळ्या वाजवा ना!" आता तुम्हीच सांगा, कशाबद्दल वाजवू? नात जिंकली म्हणून, की जहाज बुडून माणसं गेली त्यात कोणाचीच चूक नव्हती हे तिने झकास पटवून दिलं म्हणून? हात उचलायला गेले हो मी, पण ते मांडीवरून वरच येईनात!

थांबा, पहिल्यापासून सांगते. आमची नात वकिलीच्या कॉलेजात शिकते. तिथे पोरांची एक स्पर्धा असते. कोर्ट खोटं, देश खोटे, भांडण खोटं, भांडायचं मात्र खऱ्यासारखं. समोर तीन न्यायाधीश, तेही त्या दिवसापुरते. अमक्या देशाने तमक्या देशाचं असं असं नुकसान केलं हे छापूनच देतात, की आता बोला! मी म्हटलं, खेळू दे. कोर्ट खोटं, त्यात कोणाचं काय जातंय?

पण यंदाच्या कागदांत निघावं काय? जहाज! झेंडा एका देशाचा, माणसं दुसऱ्या देशाची, आणि जहाज इतकं गळकं की बंदरातच बुडायचं ते समुद्रात बुडालं, एवढंच. अकरा खलाशी गेले. माणसांचा देश म्हणतो, झेंडा लावू दिलात तर जहाज तपासलं का नाहीत? झेंडेवाले म्हणतात, छे छे, आमचा काय संबंध! नात हे मोठ्याने वाचत होती, शेजारी तिची आई, म्हणजे माझी सून, शिवत बसली होती. मशीन थांबलं. गॅसवरचं दूध उतू गेलं, तिघींतली एकही उठली नाही.

कारण माझा मुलगा असाच गेला. चौदा वर्षं झाली. त्याच्या जहाजावर सतरा जण होते, एकही परत आला नाही. तेव्हा नात सहा वर्षांची. तिचं बोट धरून सुनेने, मागोमाग मी, किती उंबरे झिजवले! माणसं पुरवणाऱ्या ऑफिसातला तो गुळगुळीत साहेब, "वहिनी, आम्हाला दुःख आहे हो, पण आम्ही फक्त माणसं पाठवतो, समुद्र आमच्याकडे नाही!" मालकाला गाठावं तर मालक म्हणजे कंपनी, कंपनी म्हणजे पत्ता, आणि पत्ता म्हणजे पोस्टातली एक पेटी! आता पेटीची गचांडी धरायची कशी? आणि खरं कोर्ट? तारीख... पुढची तारीख... आज साहेब रजेवर, उद्या फाईल सापडत नाही... म्हणून मला वाटलं हो, कोर्ट खोटं तर खोटं, कोणीतरी उंच खुर्चीत बसून एकदा मोठ्याने म्हणेल, चूक यांची होती. मला तेवढंच ऐकायचं होतं. दुसरं काही नको.

पोरीने पाच महिने लिहिलं. तिथली रीत अशी, की दोन्ही बाजू लिहायच्या. निळ्या पुठ्ठ्याचं बाड बुडालेल्यांकडून, लाल पुठ्ठ्याचं झेंडेवाल्यांकडून. निळं तिने मला वाचून दाखवलं, मी शेंगा सोलत होते. काय लिहिलं होतं! दोनदा वाचायला लावलं. लाल उघडलं तशी म्हटलं, "ते मिटव."

"अगं आजी, कोणती बाजू येईल ते चिठ्ठीवर असतं."

"मग चिठ्ठी बघून उचल!"

उचलली तिच्या मॅडमनी. निघाली लाल.

सून म्हणाली, "आई, तुम्ही जा, माझ्याने ऐकवणार नाही." गेले. दारातच मॅडमनी दम भरला, "आजी, आपण कोण, कुठले, काही कळता कामा नये. न्यायाधीशांना आपला फक्त नंबर माहीत. आणि मागून तोंडातून अक्षर काढलंत तर मुलींचे गुण कापतील!" आता कोर्ट खोटं, पण तोंड खरंच बंद ठेवायचं! हा कुठला न्याय?

नात उभी राहिली. उसना काळा कोट, बाह्या बोटांपर्यंत आलेल्या. "सन्माननीय न्यायाधीश महोदय, माझ्या देशाला या दुर्घटनेचं दुःख आहे, पण त्याची जबाबदारी माझ्या देशावर नाही..." आणि तुम्हाला सांगते, त्या गुळगुळीत साहेबाचाच तो आवाज! तीच मान कलती, तेच "दुःख आहे, पण". सहा वर्षांची पोर त्या ऑफिसच्या बाकावर पाय हलवत बसायची, मला वाटायचं गोळी चघळतेय. ती ऐकत होती हो! अक्षर न् अक्षर ऐकत होती!

मधल्या न्यायाधीशांनी चष्म्यावरून पाहिलं. "तुमची जबाबदारी नाही, ठीक. मग त्या माणसांच्या घरच्यांनी जायचं कुठे?"

"महोदय, त्या सतरा जणांच्या कुटुंबांबद्दल आम्हाला..."

"सतरा?" त्यांनी पानं उलटली. "कागदात अकरा आहेत. वरचे सहा तुम्ही कुठून आणलेत?"

सगळे हसले. मी अर्धी उठले, सतराच होते म्हणायला, तर मॅडमनी माझं मनगट असं आवळलं की बांगडी रुतली. पुढे वेळ सांगणारी मुलगी पाटी दाखवतेय, एक मिनिट राहिलं. नातीने माझ्याकडे पाहिलं नाही. कोटाच्या बाह्या मागे सारल्या आणि म्हणाली, "क्षमा असावी, महोदय. अकरा."

झालं! सहा माणसं पुन्हा बुडाली. त्या सहांत माझा होता का, हे मी कोणाला विचारू?

जिंकली. सगळ्यांत चांगली बोलणारी म्हणून कप तिलाच. टाळ्याच टाळ्या! मी तशीच काठी टेकत मधल्या न्यायाधीशांना गाठलं. "साहेब, ते बक्षीस राहू दे. निकाल काय लागला? चूक कोणाची?"

भला माणूस हो, वाकून बोलला. "आजी, इथे खटल्याचा निकाल लागत नाही. कोण कसं बोललं, एवढंच आम्ही बघतो."

बसमध्ये नात कप मांडीत घेऊन बाहेर बघत होती. मध्येच म्हणाली, "आजी, मी वाईट बोलायला हवं होतं का गं?" तिचा हात धरून बसले.

घरी सुनेने कपाकडे पाहिलंही नाही. मशीन थांबवून मला विचारलं, "आई, काय ठरलं?"

आता काय सांगायचं? खऱ्या कोर्टाला चौदा वर्षं पुरली नाहीत, या खोट्याने दीड तासात सोक्षमोक्ष लावला. म्हटलं, "ठरलं गं. पोरगी छान बोलते."