त्या उन्हाळ्यातलं पाणी

त्या स्टुलावर नका बसू आई, डुगडुगतं ते — ही खुर्ची घ्या. आणि ते पांढरं पीठ झटकू नका हो, नमुना आहे तो! हां, तर ही फळी. दगड नाही, प्रवाळ आहे — आपल्या धक्क्यामागच्या खडकातून कोरून काढलेलं, उभं चिरलेलं. झाडाच्या खोडात असतात ना, तसे हे पट्टे — एक फिका, एक गडद, झालं एक वर्ष. पाणी गार असलं की हे अंगात स्ट्रॉन्शियम नावाचं मूलद्रव्य जास्त घेतं, ऊबदार असलं की कमी. म्हणून मी बारीक ड्रिलनं ओळीनं पीठ काढते, मशीनला देते, आणि समुद्र कधी किती तापला होता ते कळतं. — हो, तुमच्या लग्नाच्या आधीचंसुद्धा. तिकडेच येतेय.

मागच्या महिन्यात मी जेवताना फुशारकी मारली ना — बाबांचं खरं, त्या उन्हाळ्यात पाणी गारच होतं! बाबा काय खूश! 'बघ, मी म्हणत नव्हतो? थंडीनं आवाज कापला माझा.' आणि तुम्ही ताट उचलून आत गेलात. मला काय कळणार? रात्री तुमच्या लेकानं सांगितलं — लग्नाचं विचारलं आईनंच, त्याच उन्हाळ्यात, धक्क्यामागं गुडघाभर पाण्यात उभं राहून, आणि बाबांचा 'हो' असा काही कापरा आला, की आईला जन्मभर वाटत आलंय, हा माणूस भिडेखातर हो म्हणाला. हे आधी नको का सांगायला कुणी?

मग फळी पुन्हा भिंगाखाली घेतली. हे बघा, हे भोक — किड्याचं घर. किडा गेला, भोक नंतर नव्या स्फटिकांनी भरलं, आणि त्यात स्ट्रॉन्शियम भरमसाट. माझा ड्रिल गेला तो नेमका त्यातूनच! मशीन बिचारं म्हणालं, गार. इतकी वर्षं हेच करतेय, आणि मलाच दिसू नये? आता शेजारून काढलं, चांगल्या भागातून, पुन्हापुन्हा काढलं — तर आजूबाजूच्या कुठल्याच उन्हाळ्यात इतकं ऊबदार पाणी नव्हतं. अहो, कोमट! कोमट पाण्यात कुणी कापतं का? हेच मी बाबांनाही विचारलं, तर — अय्या. हे नव्हतं सांगायचं. — बरं, आता निघालंच तोंडातून. काल आले होते इथं, याच खुर्चीत बसले होते. आकडा दाखवला तर ओशाळं हसले. म्हणाले, 'माहीत आहे गं मला. पाण्याला काय झालं होतं? मला वाटलं, ही गंमत करतेय. ही "जाऊ दे" म्हणायच्या आत मला हो म्हणायचं होतं. जीभच वळेना. हिला सांगू नकोस हं, डोक्यावर बसेल.'

आई? — अहो, डोळ्यांना हात नका लावू, बोटांना पीठ लागलंय. हा रुमाल घ्या. कुठं निघालात? — हो, बाबा खाली गाडीतच बसलेत, वर यायची लाज वाटतेय त्यांना. — छे, मी कशाला येऊ मध्ये? मला मशीन पुसायचंय. जा तुम्ही. जा हो!