पोळी, पोळी!

परदेशात जाऊन सेवा करणं सोपं नसतं हो, मी करून आलेय. आमच्या रत्नागिरीच्या चर्चमधून आम्ही आठजण केनियाला गेलो होतो, एका गावातल्या शाळेला रंग द्यायला. मला शिडीची भीती, म्हणून पास्टरांनी मला स्वयंपाकात धाडलं. तिथल्या ग्रेसमावशींना मराठी येईना, मला त्यांची स्वाहिली कळेना. मी पोळ्या लाटायला घेतल्या, तर मावशी हात हलवत म्हणाल्या, "पोले, पोले!"

म्हटलं, चला, निदान पोळी तरी कळते बाईंना! आणखी हव्यात वाटतं. मी लाटणं जोरात चालवलं. त्या पुन्हा, "पोले, पोले!" मी त्याहून जोरात. पोळ्यांची चळत हनुवटीला लागली, तीन दिवसांचं पीठ संपलं, माझे हात भरून आले.

शेवटी मावशी पास्टरांनाच ओढत घेऊन आल्या. त्यांना तिथली भाषा थोडीफार यायची.

"अगो मार्था, त्या मघापासून तुला 'सावकाश, सावकाश' म्हणतायत गो!"

आता मी स्कूटर जरा दामटली, की मागे बसलेले आमचे हे माझा खांदा घट्ट धरून ओरडतात, "पोळी, पोळी!"