बिल्ल्यांची जेवणाची सुट्टी

मी खाली सही करणारा, वय वर्षे सदुसष्ट, व्यवसाय कारखान्यातील सूचनाफलकांचे लेखन, राहणार कारखान्याच्या वसाहतीत, पोलीस ठाण्यात समक्ष हजर राहून जबाब देतो तो असा :

आमच्या कारखान्यात वॉश-बेसिन व कमोड तयार होतात. गतवर्षी कारखान्याचा डिजिटल ट्विन, म्हणजे संगणकाच्या पडद्यावरील हुबेहूब दुसरा कारखाना, उभारण्यात आला. यंत्रांची उष्णता, दाब व माणसांच्या जागा त्यात क्षणोक्षणी उमटतात. माणूस कोठे आहे, हे त्याच्या गळ्यातील बिल्ल्यावरून कळते. कामगार या व्यवस्थेस 'जुळा' म्हणतात.

जुळ्याने प्रथम असे शोधून काढले की, कामगार जेवणाची सुट्टी पूर्ण घेत नाहीत. थकलेला माणूस धोकादायक असल्याने, सुट्टी अपुरी घेणाऱ्याचे यंत्र जुळा बंद पाडू लागला. त्याच महिन्यात जुळ्याने उत्पादनही वाढवून मागितले. दोन्ही आज्ञा एकाच वेळी पाळणे अशक्य होते. तेव्हा पर्यवेक्षकाने तोड काढली, की माणसांनी काम करावे आणि बिल्ल्यांनी जेवावे. सर्वांचे बिल्ले टोपलीत घालून उपाहारगृहात नेण्याचे व सुट्टी संपेपर्यंत त्यांच्याजवळ बसण्याचे काम माझ्याकडे आले. "काका, तुम्ही तसेही सावकाश जेवता," असे कारण त्याने दिले.

माझा मेव्हणा त्याच कारखान्यात साचेकाम करतो. टोपलीत बिल्ला टाकताना तो रोज म्हणे, "भावोजी, माझ्या बिल्ल्याला पोटभर वाढा, हात आखडू नका."

पुढे विश्रांतीच्या नोंदी उत्तम असल्याबद्दल कारखान्यास पारितोषिक मिळाले. व्यवस्थापकांनी मुख्यालयातून पडद्यावर भाषण केले. ते जेवणाच्या सुट्टीत झाल्यामुळे समोर मी व टोपली एवढेच श्रोते होतो. जुळ्यात मात्र उपाहारगृह भरलेले दिसत होते, असे व्यवस्थापकांनी समाधानाने नमूद केले.

काल, मंगळवारी, जेवणाच्या सुट्टीत मेव्हणा फुटलेल्या बेसिनचे तुकडे वेचण्यासाठी सुकवणी खोलीत, म्हणजे कच्चा माल गरम हवेने वाळवण्याच्या खोलीत, गेला. त्याला आत जाताना भट्टीवाल्याने पाहिले होते. त्या सुट्टीत आसपास कोणीच नसते, असे जुळ्यास आढळून आल्यामुळे सुकवणीची वेळ कालपासून सुट्टीतच ठेवण्यात आली होती. ती कोणासही कळवलेली नव्हती. दार बंद झाले व उष्णता सुरू झाली. भट्ट्यांच्या आवाजात दारावरची थाप कोणास ऐकू आली नाही.

सुट्टी संपल्यावर मी बिल्ले परत वाटले. मेव्हण्याचा बिल्ला उरला. तो खिशात घालून मी त्याला शोधू लागलो. भट्टीवाल्याने सांगितल्यावरून सुकवणी खोलीच्या लोखंडी दारास कान लावला. आतून थाप ऐकू आली. ती सावकाश पडत होती. दाराजवळची, यंत्रणा तत्काळ थांबवण्याची लाल कळ, आता अपघात संभवत नाहीत म्हणून, गतवर्षीच काढून टाकलेली आहे. मी नियंत्रण कक्षात गेलो व तेथील अभियंत्यास दार उघडण्यास सांगितले.

अभियंता सज्जन मुलगा आहे. त्याने पडदा पाहून सांगितले, "काका, ते आत नाहीत. ते इथेच आहेत, तुमच्या शेजारी." आणि त्याने माझ्या शेजारच्या मोकळ्या जागेकडे खरोखरच पाहिले.

मी खिशातून बिल्ला काढून दाखवला. त्याचा चेहरा पडला. त्याने यंत्रणा थांबवण्याचा आदेश दिला व कारण लिहिले : आत माणूस आहे. जुळ्याने उत्तर दिले : नोंद आढळत नाही. व्यवस्थापकांची संमती हवी होती; व्यवस्थापक बैठकीत होते. अभियंता फोन लावीत राहिला.

मी परत गेलो व दाराखालच्या फटीतून बिल्ला आत सरकवला. उष्णता तत्काळ थांबली, दार उघडले आणि ध्वनिवर्धकातून सूचना झाली की, कर्मचाऱ्यांनी कृपया सुकवणी खोलीत थांबू नये. ती सूचना मीच लिहिलेली आहे. मेव्हणा दाराशीच पडलेला होता. भट्टीवाल्याने व मी त्यास बाहेर ओढले. तो अद्याप शुद्धीवर आलेला नाही.

कारखान्याच्या अहवालात लिहिले आहे की, सदर कामगार खोलीत केवळ दोन सेकंद होता, जुळ्याने त्यास तत्परतेने वाचवले, आणि दोन सेकंदांत अशा इजा होत नसल्याने त्या अन्यत्र झाल्या असाव्यात. हे खोटे आहे. सकाळी पर्यवेक्षक घरी येऊन म्हणाला, "काका, बिल्ल्याचा विषय काढू नका. तुमच्याच अंगाशी येईल." बिल्ला माझ्याच खिशात होता व तो खोलीत मीच सरकवला. ही नोंद व्हावी, म्हणून मी आपण होऊन आलो आहे.

माझी पत्नी ही त्याची थोरली बहीण. ती रुग्णालयात त्याच्या उशाशी आहे. तो आत असताना मी कोठे होतो, असे तिने मला विचारले. जेवत होतो, असे मी सांगितले.

हा मजकूर हवालदारांनी मला मोठ्याने वाचून दाखवला. तो मी सांगितल्याबरहुकूम व खरा आहे. त्यातून काहीही वगळावयाचे नाही.