फळ्यावरचं एकोणिसावं नाव

— नाही, नाही, तीन नवी नावं खाली येऊ द्यात, गुलजारभाई, पण आधी ते एकोणिसावं पुसा. 'माधव कानडे, मुख्य अभियंता.' — हो, मीच तो. समितीच्या चिठ्ठीत नाही लिहिलेलं, ठाऊक आहे मला. माझंच नाव पुसायला परवानगी लागते? — लागत असेल म्हणा, पुण्यात कशालाही लागते. — काळ्या रंगाचा एक हात मारा, बस्स.

तुम्ही विचारलं नाहीत, तरी सांगतो. हे या वसतिगृहाचं शिलेदार मंडळ. आणि हे आमचे नामवंत माजी सभासद — न्यायाधीश, सर्जन, खराडीत कंपनी काढलेला एक. नवा मुलगा आला, की त्याला मेसच्या टेबलावर उभं करतात आणि त्यानं सगळी नावं, हुद्द्यांसकट, तोंडपाठ म्हणायची. चुकला, की पुन्हा पहिल्यापासून. बाकीचे ताटं वाजवतात. कुणी काढली ही पद्धत? — मी. ब्याण्णव साली. गंमत म्हणून हो — तेव्हा नावं पाचच होती!

आमचा समर्थ बोलताना अडखळायचा. घरी नाही फारसा — चार माणसं बघायला लागली, की. मागच्या जुलैत नऊ दिवस उभा केला त्याला. आणि अडायचा कुठे? — एकोणिसाव्यावर. बापाच्या नावावर. 'मा... मा...' — आणि ताटं. शुक्रवारी त्याचा फोन आला, 'बाबा, मी घरी येऊ?' साताऱ्याला यायचं ते काय, स्वारगेटहून अर्ध्या अर्ध्या तासाला गाडी. मी काय म्हणालो? — म्हणालो, 'आम्हीही उभे राहिलो होतो रे. पाठ कर.' — सोमवारी त्यानं जीव दिला.

आणि तेही खोटंच. मी कुठला उभा राहतोय? मी ताट वाजवणाऱ्यांतला.

समितीनं दोन मिनिटं शांतता पाळली. पद्धत बंद करा म्हणालो, तर — 'सर, परंपरा आहे आपली.' सर म्हणतात, हं, अजून. मग म्हटलं, निदान माझं नाव तरी कुणा पोराच्या तोंडी नको.

— झालं? बघू. हो... नाही दिसत आता.

— थांबा. ऐकू येतंय? भिंतीपलीकडे. नवी पोरं आहेत, पाठ करतायत. सतरा... अठरा...

म्हणाला. माझंच नाव.

फळा बघून कुठे शिकतात ती, एकमेकांकडून शिकतात. — नको, आणखी हात नका मारू. उतरा, गुलजारभाई. शिडी घ्या आणि जा तुम्ही.