मोटीबेनचा न दुखणारा पाय

हॅलो?... कंचन? हो, मोटीबेनच बोलतेय, तुझी थोरली बहीण दुसरी कोण... अगं झालं काल. गुडघा नवा बसवला, बाकी मी आहे तीच आहे.

नाही दुखत... अगं खरंच नाही. मांडीत बारीक नळी बसवलीय, तिच्यातून थेंब थेंब औषध जातं. तेवढा पाय बधिर, मी आपली टक्क जागी... हो, हो, शनिवारी नळी काढली की दुखेल, त्याला गोळ्या आहेत... अगं ऐक ना. तू सोमवारी मुकाट्यानं ऑपरेशनच्या टेबलावर जाऊन पड. गेल्या नवरात्रात त्या गुडघ्यापायी खुर्चीत बसून टाळ्या वाजवत होतीस. अख्ख्या राजकोटात तुझ्यासारखा गरबा कोण खेळायचं?... मग? रडतेस कशाला?

माझं दुखणं वेगळंच आहे बाई. तुझे भावोजी. मी कण्हत नाही म्हणजे मला काही झालेलंच नाही, असं यांचं म्हणणं. डॉक्टर सांगून गेले, दुखत नसलं तरी पाय ताब्यात नाही, एकटीनं उठायचं नाही. यांना ऐकू काय आलं, तर 'दुखत नाही'. रविवारी अख्खी सोसायटी घरी बोलावलीय, माझी खबर काढायला... हो ना. आणि खबर काढायला आलेला माणूस गाठिया खाल्ल्याशिवाय उठतो का कधी? मला म्हणाले, 'तू खुर्चीत बसून नुसती तळ'... हसू नकोस.

म्हणून ठरवलंय, हे आले की कण्हायचं... छे गं, खोटं कसलं, इतक्या वर्षांचं साठलेलं आहे... थांब, चप्पल वाजली.

आई गं... मेले गं... नाही हो, सोसवत नाही... काय? रविवारचं रद्द करता? करा, तुम्ही म्हणाल तसं.

हं, बोल कंचन... काय?... अगं नाही, मघाशी सांगितलं तेच खरं... मग हे काय म्हणजे... अहो, खालून जरा चहा आणता?... नको? बसा मग.

कंचन, हे माझा हात धरून बसलेत. लग्नानंतर पहिल्यांदाच. कळतंय ना तुला, मी काय म्हणतेय?... नाही कळत. देवा.

रद्द? सोमवारचं? डॉक्टरांना फोन करू नकोस... कंचन, ऐक... अगं नाटक होतं ते. यांना ऐकवायला कण्हले. मला काही म्हणजे काही दुखत नाहीये... हो, इथेच आहेत. ऐकू देत... जाशील ना सोमवारी? हॅलो? कंचन?... हॅलो?

ठेवला वाटतं.

अहो, हात सोडू नका, सांगते... हो, ऐकलंत ते खरं आहे... बोलवा. रविवारी सगळ्यांना बोलवा, पण सगळ्यात आधी कंचनला. नळी शनिवारी निघते, ठाऊक आहे मला. दोन गोळ्या घेईन आणि तिच्यासमोर हसत तळीन.