पूर्व तिमोरच्या सात म्हशी

परदेशात मराठी माणूस मराठीत मोठ्याने बोलतो, कारण आजूबाजूला कुणाला कळत नाही याची त्याला खात्री असते. ड्रेस्डेनच्या ट्राममध्ये एकटीच बसलेल्या, मराठीच असलेल्या क्रांतीच्या मागच्या बाकावर असंच एक कुटुंब बसलं होतं: आई, बाबा आणि इथे शिकणारा मुलगा.

“आई, इथे दहा वाजले, म्हणजे तिमोर बेटावर संध्याकाळचे पाच. फिलोमेनाच्या घरचे आमच्या लग्नाचं ठरवायला फोनपाशी बसलेत. म्हशींचं काय सांगू?”

“कसल्या म्हशी?”

“त्यांच्याकडे मुलाकडचे देतात. सात.”

“आपण द्यायच्या? मुलीवाल्यांना? अहो, ऐकलंत का!”

“ऐकतोय. अरे वेदांग, आपण मुलाकडचे!”

“गेनाऊ, बाबा, अगदी बरोबर. म्हणूनच.”

“तुझ्या दादाच्या लग्नात मी तोंडाने काही मागितलं होतं का रे?”

“नाही, आई. गाडीचा रंग तेवढा सांगितला होतास.”

क्रांती खिडकीबाहेर बघू लागली.

“एकही म्हैस मिळणार नाही, सांग त्यांना!”

“मग बाबा, फिलोमेनाच्या आईच्या गावची रीत आहे. तिथे म्हशी मागत नाहीत.”

“बघ! आहेत ना शहाणी माणसं.”

“तिथे मुलगाच सासरी नांदायला जातो. कायमचा. पोरंही तिच्याच घराण्याची.”

ट्राम थांबली, दारं उघडली, मिटली. क्रांतीला इथेच उतरायचं होतं. ती उतरली नाही.

“तू काय म्हणालास मग?”

“म्हटलं, मला चालेल.”

“अहो, बघत काय बसलात? फोन लावायला सांगा त्याला. सात पुरतील का, विचारा.”