प्रशासकाची परवानगी

कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात प्रिंटर मांडीवर घेऊन बसलेल्या शिक्षिकाबाईंनी कान टवकारले. शेजारी नणंद-भावजय बोलत होत्या.

“वहिनी, कॉम्प्युटर तुझाच ना?”

“माझ्याच शिवणकामातून घेतलाय.”

“मग अडलं कुठे?”

“भरतकामाच्या नक्ष्यांचा प्रोग्रॅम टाकायला गेले, तर म्हणतो, प्रशासकाची परवानगी घ्या.”

“हा कोण उपटसुंभ?”

“तुझा दादा. पहिल्या दिवशी त्यांनीच सुरू केला होता ना.”

“मग पासवर्ड विचार त्याला.”

“विसरलेत.”

“सहा वर्षांत त्यावर पत्ते खेळण्यापलीकडे काही केलंय का त्यानं?”

“हळू बोल गं.”

तेवढ्यात काउंटरमागून दुकानदार म्हणाला, “ताई, जुना पासवर्ड काढून टाकलाय. आता प्रशासक म्हणून कुणाचं नाव घालू?”

“वहिनी, सांग ना!”

“थांबा हं, यांना फोन करून विचारते.”